अनवट काडतुसें



गाण्याच्या मैफलींत यमन आणि भूप सगळ्यांनाच आवडतात. पण प्रत्येक मैफलींत एखादा तरी असा रसिक असतो कीं, जो गवयापाशीं हळूच एखाद्या अनवट रागाची फर्माईश करतो. तो राग यमनापेक्षां श्रेष्ठ आहे असें त्याचें म्हणणें नसतें. तो फारसा गाइला जात नाहीं, त्याचे जाणकार थोडे उरले आहेत, आणि कोणीं तरी तो जिवंत ठेवला पाहिजे, एवढाच त्याचा आग्रह. बंदुकांच्या शौकिनांतहि असे फर्माईशी लोक आहेत. जें काडतूस कोणत्याहि दुकानांत हटकून मिळतें तें सोडून, ज्याचें नांव ऐकतांच दुकानदारानें भुवया वर कराव्या असेंच काडतूस ते मनापासून जपतात. आजच्या भाषणांत अशा कांहीं अनवट काडतुसांची ओळख करून द्यावयाची आहे. माझ्या सांगण्याचा मथितार्थ मी आरंभींच सांगून टाकतों. काडतूस मागें पडतें तें बहुधा स्वतःच्या दोषामुळें नव्हे. कधीं एखादा कायदा, कधीं एखाद्या व्यापाऱ्याचा हिशेब, तर कधीं नळींतल्या पिळाचा दोन इंचांचा फरक त्याचें भवितव्य ठरवून जातो. आणि काडतूस गेलें म्हणजे त्याच्या मागोमाग बंदूकहि मुकी होते.

ज्यांच्या हातांत बंदूक कधीं आली नाहीं अशा श्रोत्यांसाठीं प्रथम काडतुसाची रचना सांगतों. त्याचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशीं बसविलेली लहानशी स्फोटक टोपी, पुंगळींत भरलेली दारू आणि तोंडाशीं घट्ट धरलेली गोळी. चाप ओढतांच टोपी पेटते, टोपी दारूला पेटविते, दारूचा क्षणार्धांत वायु होतो आणि तो वायु गोळीला नळींतून पुढें लोटतो. नळीच्या आंतल्या अंगाला पिळाच्या खांचा असतात. त्यांमुळें गोळी भोंवऱ्यासारखी स्वतःभोंवतीं फिरत बाहेर पडते आणि भोंवऱ्याप्रमाणेंच तोल संभाळून सरळ जाते. या साऱ्या खटाटोपांत पुंगळीचें काम नाजूक. ती नळीच्या मागच्या घरांत नीट बसली पाहिजे, आणि दारूचा दाब मागें फुटूं न देतां तिनें तो अडविला पाहिजे. म्हणूनच प्रत्येक बंदूक एका ठराविक काडतुसाशीं लग्नगांठ बांधूनच जन्माला येते.

काडतुसांचीं नांवें हें एक स्वतंत्र प्रकरण आहे. बहुतेक नांवांत नळीच्या पोकळीचें माप असतें; .४५० म्हणजे इंचाचे हजार भाग कल्पून त्यांतले साडेचारशें. पण हा नियम पाळण्यापेक्षां मोडलाच अधिक जातो. अमेरिकेच्या .३०-०६ या काडतुसांतला सहाचा आंकडा हा १९०६ सालाचा आहे. .४५-७० मधले सत्तर म्हणजे काळ्या दारूचे सत्तर ग्रेन. .२५०-३००० मधले तीन हजार म्हणजे गोळीचा दर सेकंदाचा वेग, फुटांत मोजलेला. आणि .३८ स्पेशल नांवाच्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची गोळी प्रत्यक्ष मोजली तर ती .३८ भरतच नाहीं, सुमारें.३५७ भरते. नवख्याला हा सारा गोंधळ वाटतो. शौकिनाला मात्र यांतच गोडी वाटते. कारण प्रत्येक विचित्र आंकड्यामागें एक हकीकत दडलेली असते.

पहिली हकीकत आपल्याच देशाशीं निगडित आहे. १८९८ सालीं लंडनच्या रिग्बी कंपनीनें .४५० नायट्रो एक्सप्रेस हें काडतूस काढलें. तोंपर्यंत हत्ती-गव्यांसारख्या जनावरांवर काळ्या दारूच्या अवजड बंदुका चालत. एका बारासरशीं धुराचा असा लोट उठे कीं, चवताळलेलें जनावर कोणत्या बाजूनें येत आहे हेंच दिसेनासें होई. बिनधुराच्या नव्या दारूनें ही अडचण दूर केली आणि .४५० हें बड्या शिकाऱ्यांचें आवडतें माप झालें. पण सरकारच्या मनांत निराळीच धास्ती होती. इंग्रजी फौजेनें १८७१ सालीं स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री रायफल याच .४५० मापाची होती, आणि तशा रायफली सरहद्दीपलीकडे व अन्यत्र पुष्कळांच्या हातीं गेल्या होत्या. शिकाऱ्यांसाठीं आलेला माल त्या रायफलींच्या कामीं येईल या भीतीनें १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदान या दोन्ही ठिकाणीं .४५० बोअरवर बंदी आली.

आतां इंग्रज बंदूककारांची खरी मिळकत हिंदुस्थानांतल्या गिऱ्हाइकांवर. ते हात जोडून स्वस्थ बसतील हें शक्यच नव्हतें. कायदा .४५० ला नको म्हणतो ना, मग त्यांनीं नळी किंचित् रुंद केली. हॉलंड अँड हॉलंडनें .४६५ काढलें, जोसेफ लँगनें .४७०, जेफरीनें .४७५ क्रमांक दोन आणि वेस्टली रिचर्ड्‌सनें .४७६. एकाच मापाच्या जागीं जणुं चार भावंडें उभीं राहिलीं! गुणांनीं तीं जवळजवळ सारखींच. १८० ग्रेनांचा एक तोळा हें आपलें जुनें परिमाण घेतलें, तर या प्रत्येकाची गोळी पावणेतीन तोळ्यांच्या आसपास भरते. वेगांतहि म्हणण्यासारखा भेद नाहीं. तरी आज .४७० हें त्यांतल्या त्यांत सुलभ आहे आणि बाकीचीं दुर्मिळ. याचें एक कारण असें सांगतात कीं, लँगनें आपलें काडतूस इतर कारागिरांनाहि खुलें ठेवलें. अनेक घरांच्या बंदुका त्या मापाच्या निघाल्या, म्हणून अनेक घरांना तें काडतूस लागत राहिलें. विद्या कोंडून ठेवली कीं ती खुंटते, असें आपले जुने लोक म्हणत. पितळेच्या पुंगळीलाहि तोच न्याय लागू पडला.

दुसरी हकीकत याहून घरगुती आहे. फौजेची रायफल .३०३ ची असल्यामुळें तें माप सामान्य माणसास वर्ज्य ठरलें. तेव्हां बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीनें हिंदुस्थानी बाजारासाठीं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचें आठ मिलिमीटरचें एक काडतूस निवडलें आणि त्याला .३१५ असें इंग्रजी नांव दिलें. पुढें हिंदुस्थानच्या सरकारी कारखान्यांनींहि त्या मापाच्या रायफली घडविल्या. ऑस्ट्रियाचें साम्राज्य १९१८ सालीं लयास गेलें. त्या फौजेचें हें काडतूस युरोपांत आतां संग्राहकांच्या कपाटांतली वस्तु झालें आहे. आपल्याकडे मात्र परवानाधारकाची ती रोजची रायफल! आणि हीं काडतुसें तयार होतात तीं आपल्या पुण्याजवळ खडकीस. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा; २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनींत समाविष्ट झाला आहे. या काडतुसाच्या बुडावर ‘के. एफ.’ हीं जीं अक्षरें उमटविलेलीं दिसतात, तीं खडकीच्याच कारखान्याचीं. व्हिएन्नाचा एखादा संग्राहक ज्या आठ मिलिमीटरी पुंगळीसाठीं तिष्ठत बसेल, ती आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गांवीं परवाना दाखवून मिळते. तात्पर्य, दुर्मिळपणा हा वस्तूच्या अंगचा गुण नव्हे. तो देशकालानें ठरतो.

असें इतर देशांतहि झालें आहे. मेक्सिकोच्या कायद्यानें फौजी मापाचीं पिस्तुलें नागरिकांस मना केलीं. म्हणून १९२९ सालचें.३८ सुपर हें काडतूस, जें अमेरिकेंत थोड्या शौकिनांपुरतें उरलें होतें, तें मेक्सिकोंत घरोघर ओळखीचें झालें. इटलींत ९ मिलिमीटरचें फौजी काडतूस कित्येक दशकें नागरिकांस मिळत नसे. तेव्हां त्याचीच पुंगळी दोन मिलिमीटर लांब करून नवें काडतूस निघालें आणि इटालियन नेमबाज त्यावरच वाढले. कायदा एक दार लावतो आणि कारागीर शेजारीं दुसरें उघडतो, असा हा जुना खेळ आहे.

पुष्कळदां काडतूस बदलत नाहीं. केवळ त्याचें नांव बदलतें. जर्मनीच्या माउझर कारखान्यानें १८९२-९३ च्या सुमारास सात मिलिमीटरचें एक सुरेख काडतूस सिद्ध केलें. स्पेनच्या फौजेनें तें १८९३ सालीं उचललें. १८९९ ते १९०२ च्या युद्धांत बोअर शेतकऱ्यांनीं याच काडतुसाच्या रायफलींनीं इंग्रज फौजेला जेरीस आणलें. ज्यानें आपल्याला हैराण केलें त्याचें कौतुक करण्याची खिलाडूवृत्ति इंग्रजांत होती. पण जर्मन नांव आणि मिलिमीटरचें माप मात्र त्यांच्या पचनीं पडेना. तेव्हां रिग्बीनें त्यालाच .२७५ रिग्बी म्हणून बाजारांत आणलें, आणि तें साहेबलोकांच्या बैठकींत मानानें बसलें.

हें नांव आपल्याकडे अमर झालें तें जिम कॉर्बेट यांच्यामुळें. चंपावतच्या ज्या वाघिणीच्या नांवावर ४३६ मनुष्यबळी नोंदलेले होते तिला कॉर्बेट यांनीं १९०७ सालीं मारलें. आणि त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनीं त्यांस.२७५ ची एक रिग्बी रायफल भेट दिली. कुमाऊं-गढवालच्या अनेक मोहिमांत ती त्यांच्या खांद्यावर होती. हिची गोळी फार तर एका तोळ्याची. .४७० च्या पावणेतीन तोळ्यांपुढें ती पोरसवदाच म्हणावयाची. तरी गांवेंच्या गांवें ज्यांच्या भीतीनें दारें लावून बसत, अशा नरभक्षकांचा बंदोबस्त तिनें केला. आफ्रिकेंत डब्ल्यू. डी. एम. बेल नांवाच्या शिकाऱ्यानें हेंच काडतूस हत्तींवर चालविलें. हस्तिदंतासाठीं त्यानें हजारांवर हत्ती मारले; आज तो आंकडा वाचतांना अंगावर कांटा येतो आणि तें योग्यच आहे. पण बेलच्या यशाचें मर्म बंदुकीच्या आकारांत नव्हतें. त्यानें हत्तीच्या कवटीची रचना अभ्यासिली होती, आणि कोणत्या कोनांतून मेंदू कोठें असतो हें त्याला पाठ होतें. गोळी केवढी याहून ती कोठें बसते याला महत्त्व, हा धडा या लहानशा काडतुसानें शिकविला.

आतां अमेरिकेकडे वळूं. तेथें सरकारी बंदीपेक्षां बाजारानेंच अधिक काडतुसें मागें सारलीं. १९५५ सालीं एकाच वर्षीं दोन काडतुसें निघालीं. विंचेस्टरचें .२४३ आणि रेमिंग्टनचें .२४४. नांवांत एकाचा फरक, गोळीचा व्यास एकच. आणि पुंगळी पाहूं जातां रेमिंग्टनचीच थोडी ऐसपैस. तरीहि विंचेस्टर जिंकलें. कारण काय? विंचेस्टरच्या नळीचा पीळ असा होता कीं, गोळी दहा इंचांत एक पुरा फेर घेई; रेमिंग्टनच्या नळींत त्यालाच बारा इंच लागत. लांब व जड गोळी तोलून धरण्यास फिरकी अधिक लागते. रेमिंग्टननें हिशेब केला कीं, गिऱ्हाईक या मापानें खारी-घुशींसारखे लहान उपद्रवी प्राणी मारील. त्यासाठीं अर्ध्या तोळ्याची, म्हणजे ९० ग्रेनांची गोळी पुरे. पण गिऱ्हाइकाला हरणासाठीं १०० ग्रेनांची गोळी हवी होती, आणि ती दोहोंपैकीं विंचेस्टरच्याच नळींतून भरंवशानें चालते असा बोलबाला झाला. १९६३ सालीं रेमिंग्टननें पीळ वाढविला, काडतुसाचें नांव बदलून ‘सहा मिलिमीटर रेमिंग्टन’ केलें. पण गेलेली वेळ परत आली नाहीं. आज .२४३ कोठेंहि मिळतें, आणि तें दुसरें काडतूस शौकीन माणूस शोधून शोधून आणतो व म्हणतो, ‘याच्यावर अन्याय झाला.’ पुरावा पाहतां त्याचें म्हणणें खोटें नाहीं.

रेमिंग्टनच्याच .२८० ची कथा अशीच आहे. १९५७ सालीं तें निघालें तेव्हां त्याच्यापुढें १९२५ पासून गादीवर बसलेलें .२७० विंचेस्टर होतें. त्यांतच नवें काडतूस कंपनीच्या स्वयंचलित रायफलीसाठीं योजलेलें असल्यानें त्याची दारू बेताची ठेवावी लागली. खप वाढेना, म्हणून १९७९ सालीं त्याचें ‘सेव्हन एमएम एक्सप्रेस’ असें बारसें केलें. परंतु त्याच कंपनीचें ‘सेव्हन एमएम मॅग्नम’ बाजारांत आधींच होतें. गिऱ्हाइकें गोंधळलीं, आणि थोड्याच वर्षांत मूळचें नांव परत द्यावें लागलें. दोनदां बारसें होऊनहि हें बाळ राजपुत्र झालें नाहीं. पण ज्यांनीं तें हाताळलें ते त्याला सहसा सोडीत नाहींत.

कांहीं काडतुसांचा जन्म कारखान्यांत न होतां शौकिनांच्या घरगुती कामठ्यांत झाला. प्रचलित पुंगळी घ्यावयाची, तिचें तोंड कमीअधिक करावयाचें आणि त्या मापाची नळी कारागिराकडून करवून घ्यावयाची, असा तो उद्योग. अशा काडतुसांना अमेरिकन लोक ‘वाइल्डकॅट’, म्हणजे रानमांजर म्हणतात. कारण तीं कोणत्याहि कंपनीच्या दावणीला बांधलेलीं नसतात. पुढें एखादें रानमांजर माणसाळतें. नेड रॉबर्ट्‌स यानें त्याच सात मिलिमीटरी माउझर पुंगळीचें तोंड आवळून केलेलें .२५७ रेमिंग्टननें १९३४ सालीं स्वीकारलें आणि त्याला रॉबर्ट्‌सचेंच नांव दिलें. कर्नल टाउनसेंड व्हेलन यांच्या नांवाचें .३५ व्हेलन १९२२ सालचें. तें कंपनीच्या यादींत चढलें तें १९८८ सालीं. तब्बल सहासष्ट वर्षें तें केवळ हौशी लोकांच्या आस्थेवर तगून राहिलें. एवढी निष्ठा पुष्कळ राजांच्याहि वांट्यास येत नाहीं!

हातांतल्या लहान शस्त्रांची तऱ्हाहि अशीच आहे. १९६४ सालीं एल्मर कीथ, बिल जॉर्डन इत्यादिकांच्या आग्रहावरून .४१ मॅग्नम हें रिव्हॉल्व्हरचें काडतूस निघालें. .३५७ कमी पडतें आणि .४४ फार झटका देतें, तर मधलें माप पोलिसांस सोयीचें होईल अशी कल्पना. पण पोलिसांना तें रिव्हॉल्व्हर जड वाटलें आणि शौकिनांनीं थेट .४४ कडेच धांव घेतली. मधल्या भावाचें जें होतें तेंच त्याचें झालें. तरी त्याची अचूक नेम धरणारी शांत जात ओळखणारे भक्त त्याला आजहि आहेत. १९८३ सालीं जेफ कूपर यांच्या प्रेरणेनें दहा मिलिमीटरचें पिस्तुलाचें काडतूस आलें. ज्या पिस्तुलासाठीं तें आलें त्याची कंपनी तीन वर्षांतच बुडाली. १९८६ च्या मायामींतल्या चकमकींत आपले दोन अंमलदार गमावल्यावर अमेरिकेच्या एफ. बी. आय. नें हें काडतूस घेतलें खरें; पण त्यांतली दारू उतरवून. मग लोकांनीं विचारलें, दारू कमीच भरावयाची तर पुंगळी एवढी लांब हवी कशाला? झालें! पुंगळी आंखूड करून १९९० सालीं .४० स्मिथ अँड वेसन जन्मलें, आणि धाकट्यानें थोरल्याला घराबाहेर काढलें. पण थोरला मेला नाहीं. निष्ठावंतांनीं त्याला जगविलें, आणि आज त्याला पुन्हा बरे दिवस आले आहेत.

येथें थोडी करमणूकहि सांपडते. १८९० नंतरच्या दशकांत फ्रान्समध्यें सायकलींचा सुळसुळाट झाला आणि सायकलस्वारांच्या पायांना कुत्रीं लागूं लागलीं. त्यावर तोड म्हणून ‘व्हेलो-डॉग’ नांवाचें खिशांत मावणारें रिव्हॉल्व्हर आणि त्याचें साडेपांच मिलिमीटरच्या आसपासचें काडतूस निघालें. कुत्र्याचा जीव जाऊं नये म्हणून कांहीं काडतुसांत गोळीऐवजीं तिखटाची पूड भरीत. त्या काळच्या फ्रान्सचा रस्ता कसा होता हें या बोटभर पुंगळींत वाचावें!

आतांपर्यंत मी या छंदाचें कौतुक केलें. आतां त्याची दुसरी बाजू. दुर्मिळ काडतुसाची आवड ही अचूकपणाच्या सवयीवांचून बाळगणें म्हणजे विस्तवाशीं खेळ आहे. .४५० चेंच उदाहरण घ्या. सव्वातीन इंच लांबीच्या त्याच पुंगळींत आधीं काळी दारू भरीत आणि पुढें बिनधुराची दारू भरूं लागले. दोन्ही काडतुसें दिसावयास जुळीं. पण दुसऱ्याचा दाब पहिल्यासाठीं केलेल्या नळीला सोसणारा नव्हे. जर्मनीच्या आठ मिलिमीटर माउझरची गोळी आधीं .३१८ इंचाची होती. १९०५ च्या फेरबदलानंतर ती.३२३ ची झाली. फरक एका जाड कागदाच्या जाडीएवढा. तेवढ्यानें जुन्या नळींत नवी गोळी आंवळून बसते आणि दाब बेसुमार चढतो. लंडन व बर्मिंगहॅम येथील परीक्षागृहें नळीवर जे शिक्के उमटवितात, ते शोभेसाठीं नसतात. ती नळी कोणत्या दारूच्या कसोटीला उतरली आहे त्याची ती सनद असते. म्हणून जाणता शौकीन प्रथम शिक्का वाचतो, मग घराचें माप घेववितो, आणि तरी शंका उरली तर बार काढीत नाहीं. ‘जवळजवळ बसतें’ हे शब्द त्याच्या कोशांत नाहींत.

हें सारें आपल्या घरांशीं कसें जुळतें, असें कोणी विचारील. आपल्याकडे कांहीं जुन्या घराण्यांत पणज्या-आज्यांच्या वेळच्या विलायती रायफली अद्याप आहेत. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा काळ संपविला, आणि तो संपला हें इष्टच झालें. ज्या जंगलांत ती.४७० गरजली त्या जंगलांत आज वाघ मोजून राखावे लागतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत २०१९ सालीं दुरुस्ती होऊन सामान्य परवान्यावर तीन शस्त्रांऐवजीं दोनच ठेवण्याची मर्यादा आली. विलायतेंत किनॉक नांवानें खपणारीं जुनीं मोठीं काडतुसें १९६० नंतरच्या काळांत बंद पडत गेलीं. पुढें एका लहान कंपनीनें तेंच नांव घेऊन तीं पुन्हा करावयास घेतलीं. अमेरिकेंत शौकीन आपल्या पुंगळ्या पुन्हा भरूनहि घेतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस तयार करणें हा गुन्हा आहे, आणि विलायती माल मागविणें सामान्य माणसाच्या आवांक्याबाहेरचें. म्हणजे आपल्या घरची ती रायफल बहुधा मुकीच राहणार. अशा वेळीं घरांतल्या तरुणांना मोह होतो कीं, जवळचें एखादें काडतूस बसतें का पाहावें. तो मोह त्यांनीं आवरावा. मुकी बंदूक ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे. तिच्या नळीवरचें नांव, माप आणि शिक्के वाचले, ते वहींत टिपून ठेवले, परवान्याची व्यवस्था चोख ठेवली, तर ती न उडतांहि पुष्कळ बोलते. ती कोणत्या सालच्या, कोणत्या कायद्याच्या आणि कोणत्या भीतीच्या पोटीं जन्मली हें ती सांगते.

ज्यांना प्रत्यक्ष नेमच मारावयाचा आहे त्यांच्यासाठीं काडतूस अनवट असण्याची मुळींच गरज नाहीं. जगांतलें सर्वांत साधें, सर्वांत स्वस्त आणि सर्वत्र मिळणारें काडतूस म्हणजे १८८७ सालचें .२२ लाँग रायफल. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्युनिकला जगज्जेतेपद मिळविलें तें याच काडतुसावर. आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक आणलें तेंहि याच काडतुसावर. यमन हा पहिला राग म्हणून शिकवितात. पण तो नीट गाणें जन्मभर पुरतें. अनवट काडतुसाचा खरा शौकीन हें पुरतें ओळखून असतो. आपलें काडतूस श्रेष्ठ आहे म्हणून तो तें जपत नाहीं; त्याच्यामागची हकीकत हरवूं नये म्हणून तो तें जपतो. ज्या वस्तूला बाजारानें ‘आतां तुझी गरज नाहीं’ असें सांगितलें, तिची नीट माहिती ठेवणारा एक तरी माणूस असावा, ही भावना बंदुकीपुरती मर्यादित नाहीं. ती आपल्या घरांतल्या तांब्यापितळेच्या भांड्यांना, मोडी दप्तरांना आणि आजीच्या ओव्यांनाहि तितकीच लागू आहे. फरक इतकाच कीं, ओवीचा एखादा शब्द चुकला तर आजी हंसून सुधारील. काडतुसाचा आंकडा चुकला तर तशी सवलत नाहीं.